नाताळच्या तिथीचा प्रश्न : साधने आणि त्यांच्या मर्यादा

येशू ख्रिस्ताच्या जन्मोत्सवाला मराठीत आपण 'नाताळ' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याच्या मुळाशी 'जन्मासंबंधीचा' या अर्थाचे 'नातालिस' हे लॅटिन विशेषण आहे. रोमन व्यवहारात मात्र या शब्दाचा अर्थ पुष्कळच विस्तारला होता. एखाद्या देवालयाच्या प्रतिष्ठापनेचा वर्धापनदिन आणि सम्राटाच्या राज्यारोहणाचा दिवस हे दोन्हीही 'नातालिस'च होत. ख्रिस्ती समाजाने तर हुतात्म्याच्या मृत्युदिनालाच त्याचा 'नातालिस' मानले, कारण त्या दिवशी तो अमरलोकी जन्मला अशी श्रद्धा होती. तेव्हा प्राचीन पंचांगात हा शब्द आढळला म्हणजे तेथे कोणाच्या तरी प्रत्यक्ष जन्माची नोंद आहे असे लगेच समजून चालत नाही. प्रस्तुत प्रश्नाचा विचार करताना हा इशारा आरंभापासूनच ध्यानात ठेवावयास हवा.

नाताळ २५ डिसेंबरला का? या प्रश्नाची दोन उत्तरे सर्वत्र ऐकू येतात. श्रद्धाळू म्हणतो, त्या दिवशी ख्रिस्त जन्मला म्हणून. संशयवादी म्हणतो, तो मुळात रोमन सूर्योत्सव होता आणि चर्चने तो बळकावला म्हणून. पहिल्या उत्तराला धर्मग्रंथात आधार नाही, ही गोष्ट आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. परंतु दुसरे उत्तरही उपलब्ध साधनांना पेलेल त्याहून अधिक निःशंकपणे दिले जाते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. ही साधने कोणती, ती किती सांगतात आणि कोठे थांबतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शुभवर्तमानांची साक्ष

चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान यांत येशूच्या जन्माची कथाच नाही. मत्तय आणि लूक यांत ती आहे. परंतु दिवस सोडाच, महिनाही दोहोंपैकी कोणी सांगत नाही. वर्षाविषयी जे कळते तेही एकमेकांशी जुळत नाही. मत्तयाच्या मते येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला. योसेफस या यहुदी इतिहासकाराच्या माहितीवरून बहुसंख्य संशोधक हेरोदाचा मृत्यू इ. स. पू. ४ मध्ये ठरवितात. लूक मात्र जन्माचा संबंध क्विरिनियस (मराठी बायबलातील कुरेन्य) हा सूरियाचा सुभेदार असताना झालेल्या नावनिशीशी जोडतो. योसेफसच्या वृत्तान्तानुसार ही नावनिशी, हेरोदाचा पुत्र आर्खेलौस पदच्युत झाल्यानंतर, इ. स. ६ मध्ये झाली. म्हणजे दोन कथनांत निदान नऊ वर्षांचे अंतर पडते. शिवाय लूकच आपल्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माची कथा हेरोदाच्या दिवसांत घालतो आणि त्याच्या व येशूच्या गर्भधारणेत जेमतेम सहा महिन्यांचे अंतर ठेवतो. त्यामुळे ही अडचण दोन ग्रंथांमधील नसून एका ग्रंथाच्या अंतर्गतही आहे.

ही विसंगती मिटविण्याचे प्रयत्न फार जुने आहेत. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेजचा तेर्तुल्लियन या नावनिशीचा संबंध क्विरिनियसशी न जोडता सेंटियस सॅटर्निनस या अगोदरच्या सुभेदाराशी जोडतो. अलीकडील काहींनी लूकच्या ग्रीक वाक्याचा 'क्विरिनियस सुभेदार होण्यापूर्वीची नावनिशी' असा अर्थ लावून पाहिला आहे. पण वाक्याची सरळ रचना त्याला अनुकूल नाही. ऑगस्टसने स्वतःच्या कार्यवृत्तान्तात इ. स. पू. २८, इ. स. पू. ८ आणि इ. स. १४ या तीन वर्षांतील गणनांचा उल्लेख केला आहे. पण त्या रोमन नागरिकांच्या होत्या. गालीलातील सुताराला त्यांच्याशी कर्तव्य नव्हते. यावरून लूकची कालनिश्चिती या ठिकाणी चुकली, असे अनुमान बरेच बळकट ठरते. मात्र यावरून येशू नावाची व्यक्ती झालीच नाही असे अनुमान काढणे हा तर्कदोष होय. कालाची चूक आणि व्यक्तीचा अभाव या भिन्न गोष्टी आहेत.

संशयवाद्यांचा एक आवडता युक्तिवाद मेंढपाळांवर आधारलेला आहे. लूकच्या कथेत मेंढपाळ रात्री उघड्यावर कळप राखीत होते. यहूदियातील डिसेंबर हा थंडीपावसाचा महिना. म्हणून जन्म हिवाळ्यात असणे शक्य नाही, असा तो युक्तिवाद आहे. परंतु त्या प्रदेशातील सर्वच कळप हिवाळ्यात गोठ्यात असत असे दाखविता येत नाही. शिवाय बेथलेहेम हे दाविदाचे गाव आणि दावीद हा मूळचा मेंढपाळ. तेव्हा मेंढपाळांचा प्रवेश ऋतुमानाच्या नोंदीसाठी झाला की दाविदाच्या वंशपरंपरेची आठवण करून देण्यासाठी, हा प्रश्न अगोदर सोडवावा लागेल. ज्या कथेच्या ऐतिहासिकतेवर संशय घ्यावयाचा, तिच्यातीलच एक तपशील हवामानाचा अहवाल म्हणून स्वीकारावयाचा, हे सुसंगत नाही.

२. पहिल्या तीन शतकांतील स्थिती

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचे लक्ष जन्मावर नव्हते, मृत्यू आणि पुनरुत्थान यांवर होते. तिसऱ्या शतकातील ऑरिजेन तर असे दाखवून देतो की धर्मग्रंथात वाढदिवस साजरे करतात ते फारो आणि हेरोद यांच्यासारखे लोक; संत नव्हेत.

तरीही तिथीविषयीचे कुतूहल होतेच. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट इ. स. २०० च्या सुमारास लिहितो, की काही जण अतिचिकित्सेने जन्माचे वर्षच नव्हे तर दिवसही ठरवितात. त्यांच्यापैकी काही मिसरी पंचांगातील पाखोन महिन्याचा २५ वा दिवस (२० मे) सांगतात, तर इतर काही फार्मुथी महिन्याचा २४ वा किंवा २५ वा दिवस (१९ किंवा २० एप्रिल) सांगतात. क्लेमेंटने स्वतः दिलेल्या वर्ष-मास-दिवसांच्या हिशेबावरून सामान्यतः १८ नोव्हेंबर ही तिथी निघते. इ. स. २४३ मध्ये लिहिल्या गेलेल्या वल्हांडणाच्या गणनेवरील एका लॅटिन ग्रंथात २८ मार्च ही तिथी आहे. तिची उपपत्ती अशी : सृष्टीचा आरंभ वसंतसंपाताच्या दिवशी, म्हणजे रोमन परंपरेनुसार २५ मार्चला झाला, उत्पत्तीच्या ग्रंथानुसार सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, म्हणून 'न्यायाचा सूर्य' जो ख्रिस्त, तोही २८ मार्चलाच जन्मला. मलाखी या संदेष्ट्याच्या ग्रंथातील हे सूर्यरूपक आणि ख्रिस्तजन्म यांची सांगड सम्राट ऑरेलियनच्या सूर्योपासनेच्या तीस वर्षे आधी घातली गेली होती. ही गोष्ट पुढील चर्चेत उपयोगी पडणार आहे.

या काळात २५ डिसेंबर कोठे आढळतो काय? हिप्पोलिटसच्या दानिएलावरील भाष्याच्या हस्तलिखितांत तो आढळतो; परंतु तेथे पाठभेद आहेत आणि पुष्कळ संशोधक तो अंश प्रक्षिप्त मानतात. रोममध्ये १५५१ साली सापडलेल्या आणि हिप्पोलिटसशी जोडल्या जाणाऱ्या पुतळ्याच्या बैठकीवर वल्हांडणाची सारणी कोरलेली आहे. तीत २ एप्रिलपुढे 'ख्रिस्ताची उत्पत्ती' अशी नोंद आहे. 'उत्पत्ती' म्हणजे जन्म की गर्भधारणा, यावर एकमत नाही. तात्पर्य, तिसऱ्या शतकातील २५ डिसेंबरचा निर्विवाद पुरावा आपल्या हाती नाही.

३. इ. स. ३५४ चा संग्रह

आजच्या चर्चेचा सारा भार एका संग्रहावर आहे. फ्युरियस डायोनिसियस फिलोकालस या लेखनकुशल कलावंताने व्हॅलेंटाइनस नावाच्या रोमन गृहस्थासाठी इ. स. ३५४ मध्ये तो सिद्ध केला. मूळ प्रत आणि तिची कॅरोलिंगियन काळातील नक्कल, दोन्ही नष्ट झाल्या आहेत. आपण वाचतो त्या प्रामुख्याने सोळाव्या-सतराव्या शतकांत केलेल्या नकला. या संग्रहात नागरी पंचांग, अधिकाऱ्यांच्या याद्या, रोमच्या बिशपांच्या मृत्युदिनांची यादी आणि हुतात्म्यांच्या स्मरणदिनांची यादी असे विविध भाग आहेत.

हुतात्म्यांच्या यादीतील पहिलीच नोंद २५ डिसेंबरची असून त्या दिवशी यहूदियातील बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला असे तीत म्हटले आहे. ही नोंद ३५४ ऐवजी ३३६ ची मानण्याचे कारण शेजारच्या बिशपांच्या यादीत आहे. त्या यादीत नावे वर्षक्रमाने नसून पंचांगातील दिवसांच्या क्रमाने लावलेली आहेत, आणि तो क्रमही डिसेंबरच्या अखेरीस, २५ तारखेनंतर, सुरू होतो. ३१ डिसेंबर ३३५ रोजी निधन पावलेल्या सिल्व्हेस्टरचे नाव योग्य जागी आहे. परंतु ऑक्टोबर ३३६ मध्ये वारलेला मार्क आणि एप्रिल ३५२ मध्ये वारलेला ज्यूलियस यांची नावे क्रम मोडून शेवटी जोडलेली आहेत. अर्थात मूळ यादी सिल्व्हेस्टरच्या मृत्यूनंतर आणि मार्कच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे ३३६ मध्ये तयार झाली असली पाहिजे. हुतात्म्यांची यादीही त्याच वेळची मानली तर रोममध्ये ३३६ साली २५ डिसेंबर ही तिथी मान्य होती आणि धार्मिक वर्षाची गणना तेथून होत होती असे म्हणता येते. हे अनुमान सुबक आहे. पण ते अनुमानच आहे, हे विसरता कामा नये.

याच संग्रहाच्या नागरी पंचांगात २५ डिसेंबरपुढे 'नातालिस इन्व्हिक्टी', म्हणजे 'अजिंक्याचा नातालिस', अशी संक्षिप्त नोंद असून त्या दिवशी रथांच्या ३० शर्यती होत असे दिले आहे. 'अजिंक्य' म्हणजे 'सोल इन्व्हिक्टस', अजिंक्य सूर्य, असा अर्थ बहुतेक संशोधक करतात, आणि तो संभवनीयही आहे. म्हणजे सूर्याचा नातालिस आणि ख्रिस्ताचा जन्म या दोन्ही गोष्टी एकाच तिथीला सांगणारे साधन एकच आहे.

४. सूर्योत्सवाचा सिद्धांत

ख्रिस्ती सणाने सूर्यसणाची जागा घेतली, ही कल्पना अठराव्या शतकात पॉल अर्न्स्ट याब्लोन्स्की याने मांडली. तिला शास्त्रीय रूप १८८९ साली हर्मान उझेनर याच्या नाताळवरील ग्रंथाने दिले. तिचे बळ उघड आहे. रोमन परंपरेत २५ डिसेंबरच्या सुमारास उत्तरायणारंभ मानला जाई. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये सूर्याचे भव्य मंदिर उभारले. आणि पाचव्या शतकाच्या मध्यासही पोप लिओला असे ख्रिस्ती लोक दिसत होते की जे संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला नमस्कार करीत. दोन उपासनांचे परस्परांत मिसळणे अशक्य नव्हते, हे यावरून सिद्ध होते.

परंतु शक्यता आणि घटना यांत अंतर आहे. ऑरेलियनने मंदिर उभारले हे निश्चित. ते २५ डिसेंबरला प्रतिष्ठापिले असे कोणतेही प्राचीन साधन सांगत नाही. ३५४ च्या पंचांगावरून मागे नेलेले ते अनुमान आहे. सूर्याच्या मोठ्या स्पर्धा त्याच पंचांगात ऑक्टोबरमध्ये आहेत. सम्राट ज्यूलियनने इ. स. ३६२ मध्ये रचलेल्या सूर्यस्तोत्रात डिसेंबरअखेरच्या सूर्योत्सवाचे प्राचीनत्व सांगितले आहे; पण तो ख्रिस्ती धर्माचा त्याग केलेला राजा होता आणि त्याच्या काळी रोममध्ये नाताळ प्रचलित होऊन निदान पाव शतक लोटले होते. स्टीव्हन हिय्मान्ससारख्या अलीकडील अभ्यासकांनी म्हणूनच उलट प्रश्न उपस्थित केला आहे : या तिथीच्या सूर्योत्सवाचा पुरावा ख्रिस्ती तिथीच्या पुराव्याहून जुना आहे हे दाखविता येते काय? आजच्या साधनांवरून ते दाखविता येत नाही.

या सिद्धांताच्या लोकप्रिय आवृत्तीत आणखी दोन गोष्टी घुसडल्या जातात. नाताळ म्हणजे सॅटर्नेलिया, असे सांगितले जाते. परंतु तो उत्सव १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ च्या सुमारास संपे. मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, असेही म्हटले जाते. परंतु मिथ्राचा जन्मदिवस म्हणून त्या तिथीचा निर्देश करणारे प्राचीन साधन उपलब्ध नाही.

या सिद्धांताचा सर्वांत स्पष्ट प्राचीन आधार म्हणून जे टिपण दिले जाते, ते सीरियन धर्मपंडित डायोनिसियस बार सलीबी याच्या ग्रंथाच्या हस्तलिखितातील आहे. सूर्याचा सण साजरा करणाऱ्या लोकांत ख्रिस्तीही मिसळत, म्हणून धर्माधिकाऱ्यांनी जन्मोत्सव ६ जानेवारीवरून २५ डिसेंबरला नेला, असे ते सांगते. पण बार सलीबी बाराव्या शतकातील, आणि टिपण त्याच्याही नंतरच्या हाताचे. शिवाय पौर्वात्य चर्चची ६ जानेवारी ही तिथी मूळची आणि पाश्चात्त्यांची तिथी नंतरची, हे दाखविण्यात लिहिणाऱ्याचा हेतू गुंतलेला आहे. आठशे वर्षांनंतरच्या पक्षपाती साक्षीवर आपण अन्य कोणत्याही विषयात इतका विश्वास ठेवला नसता.

५. गणनेचा सिद्धांत

उझेनरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १८८९ मध्ये, लुई दुशेन या फ्रेंच धर्मेतिहासकाराने दुसरी उपपत्ती सुचविली. टॉमस टॅली याने १९८६ मध्ये तिचा विस्तार केला. तिचा गाभा असा : तेर्तुल्लियनच्या काळापासून पश्चिमेकडे ख्रिस्ताचा मृत्युदिन २५ मार्च मानला जाई. थोर पुरुषाच्या आयुष्याची वर्षे पूर्णांकात भरतात, या समजुतीने गर्भधारणाही त्याच दिवशी मानली गेली, आणि तेथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे वल्हांडणाची तिथी ६ एप्रिलशी जुळविलेली होती. तेथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येते. आर्मेनियन चर्च आजही याच दिवशी ख्रिस्ताचा जन्म व प्रकटीकरण एकत्र साजरे करते. एकाच पद्धतीने दोन्ही परंपरांचा उलगडा होतो, हे या उपपत्तीचे आकर्षण होय.

येथेही संशयाला जागा आहे. पहिली गोष्ट, २५ मार्च हा मृत्युदिनच ऐतिहासिक नाही. तेर्तुल्लियन जे वर्ष दर्शवितो ते इ. स. २९. त्या वर्षी २५ मार्चला शुक्रवार होता खरा. पण वल्हांडण नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतो आणि त्या दिवशी वद्य पक्षातील अर्धा चंद्र होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गर्भधारणा व मृत्यू एकाच दिवशी, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडणारे लेखक चौथ्या शतकाच्या अखेरचे आणि पाचव्याच्या आरंभीचे आहेत. ऑगस्टीन हा त्यांतील प्रमुख. तोपर्यंत सण रूढ झालेला होता. यहुदी परंपरेत मोशे आपल्या जन्मदिवशीच वारला असे मानतात. परंतु तेथे मेळ जन्म-मृत्यूचा आहे, गर्भधारणा-मृत्यूचा नव्हे. तेव्हा ही गणना तिथीचे कारण होती की तिथी रूढ झाल्यावर शोधलेले समर्थन, हा प्रश्न मोकळाच राहतो.

समर्थन नंतर कसे शोधले जाते याचे उत्तम उदाहरण अंत्युखियात सापडते. इ. स. ३८६ च्या प्रवचनात योहान क्रिसोस्टोम सांगतो, की हा दिवस आपल्याला माहीत होऊन अद्याप दहा वर्षेही झाली नाहीत. पश्चिमेकडील लोकांना तो पूर्वीपासून ठाऊक होता. त्यानंतर तो लूकच्या आधारे तीच तिथी सिद्ध करू लागतो. जखऱ्याला देवदूताचे दर्शन मंदिरात धूप जाळताना झाले; क्रिसोस्टोमच्या मते हा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे सप्टेंबर; त्यानंतर सहाव्या महिन्यात मरीयेला संदेश, म्हणजे मार्च; आणि पुढे नऊ महिन्यांनी डिसेंबर. हिशेब बिनचूक आहे, आधार मात्र चुकीचा. लूक जखऱ्याला प्रमुख याजक म्हणत नाही. तो अबीयाच्या वर्गातील एक याजक होता आणि नित्याच्या धूपार्पणासाठी त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली होती. येथे वक्त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आलेली तिथी त्याला मनापासून पटली होती, आणि पटलेल्या गोष्टीला धर्मग्रंथात आधार दिसू लागला, इतकेच.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. धर्मग्रंथातून जन्मदिवस निघत नाही, आणि जन्मवर्षाविषयीच्या त्यातील सूचना परस्परविरोधी आहेत. इ. स. २०० ते २५० या काळात अनेक तिथ्या सुचविल्या गेल्या. त्यांत २५ डिसेंबर निर्विवादपणे आढळत नाही. रोममध्ये ही तिथी ३३६ पर्यंत बहुधा रूढ झाली होती. ती सूर्योत्सवामुळे आली की गणनेमुळे, हे सांगण्याइतका पुरावा आज नाही; आणि दोन्ही कारणांनी एकमेकांस बळ दिले असणेही शक्य आहे, कारण २५ मार्च आणि २५ डिसेंबर या दोन्ही तिथ्या रोमन परंपरेतील संपाताच्या व अयनाच्याच आहेत.

या अखेरच्या मुद्द्याचा थोडा विस्तार अवश्य आहे. चौथ्या शतकात प्रत्यक्ष उत्तरायणारंभ २१ डिसेंबरच्या सुमारास होत असे. ज्यूलियन वर्ष सौरवर्षाहून सुमारे ११ मिनिटांनी मोठे असल्याने आकाश आणि पंचांग यांत अंतर पडले होते. तरी परंपरेने २५ तारीख सोडली नाही. मकरसंक्रांत पाळणाऱ्या मराठी वाचकाला हे नवल वाटू नये. आपल्याकडे अंतर पडण्याचे कारण निराळे, म्हणजे अयनचलन, असले तरी सूर्य २१-२२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि तिळगूळ आपण जानेवारीच्या मध्यास वाटतो. सणाची तिथी एकदा समाजाच्या हाती गेली, की ती आकाशाकडे पाहून बदलत नाही.

सणाच्या तिथीवरील संशय हा काही ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांचाच शोध नव्हे. धर्मग्रंथात आधार नाही म्हणून इंग्लंडच्या प्यूरिटन पक्षाच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. मॅसॅच्युसेट्समधील त्यांच्या बांधवांनी १६५९ मध्ये तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरविला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. त्यांची श्रद्धा गाढ होती आणि या एका प्रश्नात त्यांचा संशयही रास्त होता.

संशोधकाने यावरून घ्यावयाचा बोध एवढाच, की संशय ही एका पक्षाची मालमत्ता नाही. क्विरिनियसच्या नावनिशीला आपण जी कसोटी लावतो, तीच ऑरेलियनच्या मंदिराला लावली पाहिजे. आणि हिप्पोलिटसच्या भाष्यातील प्रक्षेपाविषयी जी सावधगिरी बाळगतो, तीच बार सलीबीच्या हस्तलिखितातील टिपणाविषयीही. असे केल्याने हाती येणारे उत्तर दोन्ही प्रचलित उत्तरांहून अपुरे असेल. परंतु २५ डिसेंबरच्या बाबतीत साधने जेथे थांबतात, तेथे आपणही थांबणे प्राप्त आहे.